वाट विचारताना

मराठीत 'वाट' हा शब्द जितक्या क्रियापदांबरोबर नांदतो, तितके भाग्य फार थोड्या नामांना लाभले आहे. वाट चालावी लागते, वाट चुकते, वाट सापडते, वाट मोडते. माणसे एकमेकांची वाट पाहतात आणि एखाद्या कामाची वाट लागते. संस्कृत 'वर्त्मन्'पासून प्राकृतातील 'वट्ट' या रूपाद्वारे मराठीत आलेला हा शब्द शिकवताना मी ही क्रियापदे फळ्यावर लिहीत असते. त्यांपैकी 'वाट मोडणे' या प्रयोगाचा पूर्ण अर्थ मात्र मला कोशात सापडला नाही. तो सह्याद्रीत समजला. "ती वाट मोडली आता," असे पायथ्याच्या गावातील माणूस सांगतो, तेव्हा त्याला म्हणायचे असते, की या वाटेने माणसांचे जाणे-येणे थांबले आहे, पावसाने तिचे काही टप्पे वाहून नेले आहेत, कारवी माजली आहे आणि अनोळखी माणसाने तिकडे पाऊल टाकू नये. चार शब्दांत त्याने संपूर्ण इशारा दिलेला असतो. तो ऐकणाऱ्याला कळला नाही, तर दिवस वाया जातो. क्वचित जीवही जातो.

पंचविसाहून अधिक वर्षे मी भाषाविज्ञान शिकवीत आले आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षे सुटीच्या दिवशी डोंगर चालत आले आहे. संपर्कसत्राच्या मधल्या सुटीत ही गोष्ट कशी कोण जाणे निघते आणि प्रश्न येतो, "मॅडम, आम्हालाही एखाद्या गडावर जायचंय. तयारी काय करावी?" विचारणाऱ्यांत बँकेत काम करणारा असतो, अंगणवाडी सेविका असते, एस.टी.चा वाहक असतो. कोणाच्याही हाती आठवड्यातून एकच रविवार असतो आणि घरी वाट पाहणारी माणसे असतात. अशा विद्यार्थ्याला बूट, पाणी, विजेरी अशी यादी देऊन मोकळे होता येते. यादी आवश्यकच आहे आणि ती पुढे येईलही. परंतु माझे अनुभवांती झालेले मत असे, की डोंगरातील पहिली तयारी विचारण्याची असते. कोणाला, काय आणि कोणत्या शब्दांत विचारावे, आणि मिळालेले उत्तर कसे समजून घ्यावे, हे ज्याला आले त्याचे निम्मे नियोजन झाले. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी भाषेच्या बाजूनेच देणार आहे.

काही प्रश्न घरीच, स्वतःला विचारायचे असतात. पहिला प्रश्न 'कुठे?' हा. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण जपून वापरतो, पण समाजमाध्यमांवरील छायाचित्रे पाहून गड निवडणारे तिचा अर्थ विसरतात. छायाचित्रात हरिहरच्या कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या फार देखण्या दिसतात. त्यांवरून उतरताना गुडघे थरथरू लागले म्हणजे काय होते, ते छायाचित्र सांगत नाही. लिंगाणा किंवा अलंग-मदन-कुलंग यांसारख्या ठिकाणी तर दोर, प्रस्तरारोहणाची साधने आणि जाणते सोबती यांच्यावाचून जाऊच नये. नवख्याने प्रारंभ करावा तो लोहगडासारख्या ठिकाणापासून. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकावर उतरावे, लोहगडवाडीपर्यंत चालत जावे. तेथून माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत. जुन्नरजवळचा शिवनेरी हाही पायऱ्यांच्या वाटेने सोपा आहे. मात्र त्याच गडाची साखळीची वाट नवख्यासाठी नाही. लहान गड दोन-तीन झाले, की मग कळसूबाईचा विचार करावा. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. बारी गावातून जाणाऱ्या वाटेवर अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, पण चढ दीर्घ आहे आणि तो दमाची परीक्षा पाहतो.

शिवनेरीचे उदाहरण मुद्दाम दिले. 'कुठे?' या प्रश्नाच्या पोटात 'कोणत्या वाटेने?' हा प्रश्न दडलेला असतो, कारण एकच गड एका वाटेने सोपा आणि दुसऱ्या वाटेने कठीण असतो. येथे आपल्या भाषेने आपल्यासाठी मोठी सोय करून ठेवली आहे. वाटांची नावे बहुधा त्यांचे वर्णनच असतात. खांडस गावातून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत: गणेश घाट आणि शिडी घाट. दुसऱ्या वाटेवर शिड्यांची गरज का पडली, हा प्रश्न मनात आला तरी ती वाट नवख्याची नव्हे, हे कळते. हरिश्चंद्रगडाची 'नळीची वाट' नावाप्रमाणेच अरुंद नळीतून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कड्यांमधील चिंचोळ्या घळीतून, दगडधोंड्यांवरून वर चढते. 'निसणी' म्हणजे शिडी; नावात निसणी असेल तर चढ उभा आहे असे समजावे. नाव वाचणे ही माहिती मिळवण्याची पहिली पायरी होय.

सह्याद्री हा मुख्यतः बेसाल्ट खडकाचा प्रदेश आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो घडला. म्हणून आपल्या डोंगरांना उभे कडे आणि त्यांच्या मध्ये सपाट टप्पे असतात, आणि त्या प्रत्येक रूपाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे. डोंगराच्या मध्यावरील सपाट, बहुधा झाडीचा टप्पा म्हणजे 'पदर'. माथ्यापासून खाली उतरत आलेला लांब दांडा म्हणजे 'सोंड'. दोन्ही बाजूंना उतार असलेला निमुळता माथा ती 'धार'. दोन डोंगरांमधील खोलगट जागा, जिथून पलीकडे जाता येते, ती 'खिंड'. उतारावरील पाण्याने कोरलेली उभी, दगडांनी भरलेली वाट ती 'नाळ'. खडकाला आरपार पडलेले भोक म्हणजे 'नेढे'. सुईच्या नेढ्याशी असलेले त्याचे साम्य रतनगडावर किंवा राजगडाच्या सुवेळा माचीवर जाऊन पाहावे. गडाच्या माथ्याखालची तटबंदीची सपाटी ती 'माची' आणि सर्वांत उंचावरील भाग तो 'बालेकिल्ला'. कातळात खोदलेला पाण्याचा हौद म्हणजे 'टाके'. सुटे खडे आणि मुरूम यांमुळे पाय न ठरणारा उतार म्हणजे 'घसारा'.

हे शब्द परीक्षेसाठी पाठ करायचे नाहीत. ते सूचना समजण्यासाठी आहेत. "सोंडेनं चढा, नाळंत शिरू नका, पदरात पोचलात की उजवीकडची वाट धरा," असे कोणी सांगितले आणि सोंड, नाळ व पदर यांतील भेद आपल्याला कळला नाही, तर ती सूचना कानावरून निघून जाते. आपण 'बरं' म्हणतो आणि समोर दिसेल त्या वाटेने चालू लागतो. डोंगरातील पुष्कळ फजित्यांचा उगम या अर्धवट समजलेल्या 'बरं'मध्ये असतो. 'घाट' या शब्दाचेच पाहा. मराठीत घाट म्हणजे डोंगर नव्हे. देशावरून कोकणात उतरण्याची वाट म्हणजे घाट. सातवाहनांच्या काळापासून जुन्नर आणि कोकणातील बंदरे यांना जोडणारा नाणेघाट ही अशीच एक वाट. परकीयांनी वाटेचे नाव संपूर्ण पर्वतरांगेला दिले आणि आज आपणही 'पश्चिम घाट' म्हणतो. त्यामुळे "घाट उतरू नका" हे सांगणे नवख्याला संदिग्ध वाटते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ते अगदी स्पष्ट असते.

दुसरा प्रश्न 'केव्हा?' हा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस नवख्यांना उत्तम. जून ते सप्टेंबर डोंगर हिरवा असतो, पण शेवाळ, धुके आणि ओढ्यांचे पूर हे तिन्ही शत्रू त्याच हिरवाईत राहतात. मार्चनंतर ऊन आणि कोरडी टाकी यांचे राज्य. वेळेचा हिशेब करायला एक जुना नियम उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२मध्ये मांडला: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. वाट ६ किलोमीटरची आणि चढ ६०० मीटरचा असेल, तर या हिशेबाने सुमारे सव्वादोन तास होतात. हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे. नवख्याने त्याची दीडपट करावी, म्हणजे सव्वातीन तास. त्यात विश्रांतीचा वेळ वेगळा मिळवावा. उतरायला वेळ कमी लागतो हा समजही सोडावा, कारण थकलेले पाय उतारावरच घसरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर अंतर असते. समोच्च रेषा जितक्या दाट, तितका चढ उभा. पहाटे निघावे आणि परत फिरण्याची वेळ आधीच ठरवावी. माझ्या गटात ती दुपारी दोनची असते. माथा हाताच्या अंतरावर दिसत असला, तरी दोन वाजता आम्ही वळतो. गावातील म्हातारी माणसे "दिवस कासराभर राहिला" असे म्हणतात, म्हणजे सूर्य क्षितिजापासून कासऱ्याएवढाच वर आहे, मावळायला फार अवकाश नाही. हे वाक्य ऐकू येईल तेव्हा आपण गावात पोहोचलेले असावे.

आता मुख्य गोष्ट, पायथ्याच्या गावातील विचारपूस. येथे मी भाषेची अभ्यासक म्हणून एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे, की ती सविस्तर सांगणे भाग आहे. शहरातून आलेला गट एखाद्या गुराख्याला गाठतो आणि विचारतो, "दादा, ही वाट गडावर जाते ना?" तो म्हणतो, "हो, जाते की." गट निघतो आणि दोन तासांनी एखाद्या कड्याखाली अडकतो. मग त्या दादाला दोष दिला जातो. वस्तुतः दोष प्रश्नाच्या रचनेचा असतो. वाक्याच्या शेवटी येणारा 'ना' हा निपात माहिती विचारीत नाही; तो होकार मागतो. पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणणे आपल्याकडे शिष्टाचाराला धरून नसते, म्हणून समोरचा माणूस होकार देतो. शिवाय तो खोटेही बोलत नसतो. त्याच्या पायांना ती वाट गडावर जातेच. नाळेतून, निसणीवरून, अनवाणी. ती तुमच्या पायांना जाईल का, हे तुम्ही विचारलेलेच नसते.

म्हणून प्रश्न मोकळा ठेवावा. "गडावर जायला वाटा किती? तुम्ही कुठल्या वाटेनं जाता? बायका-पोरं जत्रेला कुठल्या वाटेनं जातात?" या तीन प्रश्नांतील तिसरा सर्वांत मोलाचा. गडावर देवस्थान असेल, तर वर्षातून एकदा म्हातारी माणसे आणि मुलेही वर जातात आणि त्यांची वाट हीच बहुधा नवख्याची वाट असते. यानंतर विचारावे, "या वाटेवर राबता आहे का?" राबता म्हणजे नित्याची ये-जा. 'मळलेली वाट' हा शब्दप्रयोग साहित्यसमीक्षेत आपण दोषदर्शक म्हणून वापरतो. मळलेल्या वाटेने जाणाऱ्या लेखकाचे कौतुक कोणी करीत नाही. डोंगरात मात्र मळलेल्या वाटेसारखी दुसरी हितकर्ती नाही. तिच्या जवळूनच एक फसवी वाट फुटते, ती ढोरवाट. गुरांच्या खुरांनी ती इतकी छान पडलेली असते, की माणसांच्या वाटेहून अधिक ठळक दिसावी. पण ती चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी जाऊन संपते. "ढोरवाटा कुठं फुटतात?" हा प्रश्न म्हणूनच विचारून ठेवावा. पाण्याविषयीही 'वर पाणी आहे ना?' असे न विचारता, "टाक्यात सध्या पाणी किती आहे? तुम्ही पिता का ते?" असे विचारावे. 'पाणी आहे' आणि 'पिण्याचे पाणी आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत.

उत्तर समजून घेण्यातही भाषेचा वाटा आहे. 'डावीकडे' हा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असतो. तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल, तर त्याची डावी बाजू ही तुमची उजवी असते. गावातील जुन्या माणसांच्या बोलण्यात हा घोटाळा कमी आढळतो, कारण ती 'उगवतीला', 'मावळतीला', 'वरच्या अंगाला', 'खालच्या अंगाला' असे सांगतात. उगवतीची दिशा बोलणारा कसाही उभा राहिला, तरी बदलत नाही. म्हणून उत्तर मिळाल्यावर आपणही तसेच उच्चारून पाहावे: "म्हणजे आंब्यापासून मावळतीला वळायचं, ओढा डाव्या हाताला ठेवायचा, आणि खिंडीत गेल्यावर वर चढायचं, बरोबर?" ऐकलेले पुन्हा आपल्या शब्दांत सांगणे, ही वर्गातील जुनी पद्धत डोंगरात जीव वाचवते. चूक असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो. अंतराविषयी मात्र सावध असावे. "हे काय, इथंच तर आहे," यातील 'इथंच' हा रोज डोंगर चढणाऱ्याचा असतो. किलोमीटर विचारू नयेत. "तुम्हाला किती वेळ लागतो?" असे विचारून मिळालेल्या उत्तराची दुप्पट करावी.

असे विचारलेले वाया जात नाही, याचा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी जुलैच्या प्रारंभी मी बारा विद्यार्थ्यांना घेऊन मावळातील एका डोंगराकडे निघाले होते. गावाबाहेरचा ओढा आम्ही सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडणार, एवढ्यात काठावर भात लावणाऱ्या एका मावशींना मी विचारले, "मावशी, परतीला हा ओढा असाच राहील का?" त्यांनी मान वर करून पाण्याकडे पाहिले. "पाणी गढुळलंय. वर कुठं तरी पडतोय. आज पल्याड जाऊ नका," त्या म्हणाल्या. आमच्या डोक्यावर तेव्हा स्वच्छ ऊन होते. दोन-तीन विद्यार्थ्यांचा चेहरा उतरला; कितीतरी दिवसांनी त्यांना रजा मिळाली होती. पण आम्ही अलीकडेच थांबलो, मावशींच्या पडवीत बसून डबे सोडले. तासाभरात त्या ओढ्याचे पाणी कमरेपर्यंत चढले आणि संध्याकाळपर्यंत उतरले नाही. 'गढुळणे' हे क्रियापद त्या दिवशी कोणाला शिकवावे लागले नाही. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पाला-काटक्या वाहत येणे, ही वरच्या पावसाची खूण असते. गुडघ्याच्या वर चढलेले वाहते पाणी ओलांडू नये. ते उतरण्याची वाट पाहावी, मग रात्र तिथेच काढावी लागली तरी चालेल.

आता यादी. पायांत चांगली पकड असलेले बूट, तेही आधी आठवडाभर वापरलेले. नवे बूट डोंगरात कधीही प्रथम घालू नयेत. माणशी किमान तीन ते चार लिटर पाणी. सुती पॅन्ट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पावसाळ्यात कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. दिवसाचाच बेत असला, तरी विजेरी आणि तिचे जादा सेल. भ्रमणध्वनीचा उजेड ही विजेरी नव्हे, कारण त्याची विद्युतशक्ती संपर्कासाठी राखायची असते. एक शिटी. संकटात मिनिटात सहा वेळा शिटी वाजवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे; ही जगभरच्या डोंगरांत समजली जाणारी खूण आहे. खायला भाकरी, गूळ, शेंगदाणे, खजूर. साखर आणि मीठ वेगळे बांधून घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उन्हाने गळून गेलेल्या माणसाला हे पाणी घोट-घोट द्यावे.

काही धोके असे आहेत, की त्यांच्याशी बोलताच येत नाही; त्यांना टाळावे लागते. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असेल, तर तेथे धूर, आरडाओरडा आणि अत्तराचा दर्प हे तिन्ही वर्ज्य. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांतील फुरसे खडकाळ जागी दगडाखाली दडून बसते, म्हणून न पाहता कपारीत हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, अंगठी-बांगडी काढावी आणि शक्य तितक्या लवकर प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक पाठ असावेत. वीज कडाडू लागली, की माथा आणि धार सोडून खाली उतरावे, एकट्या झाडाखाली उभे राहू नये. आणि कड्याच्या टोकावर छायाचित्रासाठी जाऊ नये. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे. त्याच्या काठावर उभे असताना आपल्या पायाखाली किती जमीन आहे, ते आपल्याला दिसत नसते. पाहायचेच असेल तर काठापासून दूर पोटावर निजून, सोबत्याने पाय धरलेले असताना पाहावे.

गट चार ते बारा जणांचा असावा. सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच गटाचा वेग. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, आणि जिथे वाट फुटते तिथे मागचा माणूस दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचे. "पुढं जा, मी येतो," हे वाक्य गटात निषिद्ध मानावे.

निघण्यापूर्वी घरी एक चिठ्ठी लिहून ठेवावी. भाषेच्या विद्यार्थ्यांची खरी कसोटी मला या चार ओळींत दिसते. "हरिश्चंद्रगडावर जातो, रात्री येईन," एवढीच चिठ्ठी लिहून कोणी निघाला आणि रात्री परतला नाही, तर त्याला कुठे शोधायचे? हा डोंगर ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीने जाणारी वाट पुणे जिल्ह्यातून चढते, पाचनईची वाट अहिल्यानगरमधून, आणि नळीच्या वाटेने निघालेला माणूस ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्यातून चढलेला असतो. एका गावातून दुसऱ्या गावी रस्त्याने पोहोचायला शोधपथकाचे काही तास जातात. म्हणून चिठ्ठीत पायथ्याचे गाव, चढण्याची वाट, उतरण्याची वाट, सोबत्यांची नावे व क्रमांक, आणि 'अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवावे' ही वेळ स्पष्ट लिहावी. वर गेल्यावर बेत बदलला, तर संपर्क मिळताच तो बदल कळवावा. जो मजकूर वाचून अनोळखी माणूस आपल्यापर्यंत पोहोचू शकतो, तो चांगला मजकूर. गद्यलेखनाची याहून सोपी व्याख्या मला करता येणार नाही.

नवख्यांनी अवघड वाटेवर गावातील वाटाड्या घ्यावा. 'गाईड' या शब्दापेक्षा मला हा शब्द अधिक नेमका वाटतो. वाटाड्या केवळ पुढे चालत नाही. तो आकाशाकडे पाहतो, वाऱ्याचा वास घेतो आणि नको म्हणतो. त्याचे मोल आधी ठरवावे आणि घासाघीस न करता द्यावे. बोलताना दादा, मामा, मावशी, आजी असे संबोधावे, प्रथम राम राम करावा, मग विचारावे. गाडीच्या काचेतून ओरडून विचारलेल्या प्रश्नाला गाडीच्या वेगाइतकेच उडते उत्तर मिळते. जेवण गावातच सांगावे. पिठले-भाकरीच्या निमित्ताने चुलीपाशी जी माहिती मिळते, ती कोणत्याही पुस्तकात नसते. गो. नी. दांडेकरांनी राजमाचीच्या परिसरावर 'माचीवरला बुधा' ही कादंबरी लिहिली, ती गडावर राहणाऱ्या माणसांत मिसळूनच. कचरा परत आणावा, हे सांगण्याची गरज पडू नये.

तुमच्यापैकी काही जण याच डोंगरांच्या पायथ्याशी राहणारे आहेत. जुन्नर, अकोले, मुरबाड, भोर, महाड अशा तालुक्यांतून तुम्ही संपर्कसत्राला येता आणि वर्गात बोलताना पदर, नाळ, सोंड हे शब्द ओठांवर येऊनही मागे घेता, ते 'शुद्ध' नसावेत या शंकेने. तसे करू नका. रस्ते झाले, तशा जुन्या पायवाटा मोडू लागल्या आहेत, आणि वाट मोडली की तिच्याबरोबर तिचे शब्दही मोडतात. ज्या दिवशी पायथ्याच्या गावात नाळ आणि सोंड यांतील भेद सांगणारे कोणी उरणार नाही, त्या दिवशी नकाशा हातात असूनही डोंगर अधिक धोक्याचा झालेला असेल. तुमच्या आजोबांना गावच्या प्रत्येक वाटेचे नाव विचारा आणि लिहून ठेवा. तो भाषेचा अभ्यास आहेच. त्या वहीच्या आधाराने उद्या एखादा वाट चुकलेला माणूसही घरी पोहोचू शकेल.

आणि जे शहरातून निघणार आहेत, त्यांनी फार मोठा बेत आखू नये. येत्या हिवाळ्यातला एक रविवार ठरवावा, तिघाचौघांनी मिळून लोहगडाकडे जावे. वाट सोपी आहे, पायऱ्यांची आहे, विचारण्याची आवश्यकताही भासणार नाही. तरीही लोहगडवाडीत थोडे थांबावे आणि एखाद्या आजींना विचारावे, की पायऱ्या नव्हत्या तेव्हा माणसे कुठून चढत. त्या हात करून दाखवतील, दोन-चार नावे घेतील. ती नीट ऐकावीत, न समजलेला शब्द पुन्हा विचारावा, आणि मग पायऱ्यांनीच वर जावे.